दुर्दैव की अपराध? : डॉक्टर होम्स आणि न्यायमूर्ती होम्स

एकोणिसाव्या शतकातील बॉस्टन शहरात ऑलिव्हर वेंडेल होम्स या एकाच नावाची दोन माणसे एका घरात राहत होती. वडील डॉक्टर, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि घरोघरी वाचले जाणारे कवी होते; मुलगा पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला आणि एकोणतीस वर्षे त्या पदावर राहिला. पेशवाईचा इतिहास सांगताना थोरले माधवराव आणि सवाई माधवराव असा भेद करावा लागतो, तसे येथेही थोरले होम्स आणि धाकटे होम्स असे म्हटलेले बरे, नाहीतर वाचकाचा गोंधळ ठरलेला. वैद्यकाचा इतिहास वाचणाऱ्यांना थोरले ठाऊक असतात, कायद्याच्या विद्यार्थ्यांना धाकटे. दोघांना शेजारी बसवून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तसे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. माणसाच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते दुर्दैव केव्हा मानायचे आणि अपराध केव्हा, हा प्रश्न वडिलांनी बाळंतिणीच्या खाटेपाशी उभे राहून विचारला आणि मुलाने न्यायासनाच्या बाजूने. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

थोरले होम्स १८०९ साली बॉस्टनलगतच्या केंब्रिज गावात जन्मले. त्यांचे वडील एबियल होम्स हे कर्मठ कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशक होते, म्हणजे माणसाच्या वाट्याला येणारे सुखदुःख ईश्वराने आधीच ठरवलेले असते, अशी शिकवण घरातच होती. १८२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यावर होम्स काही काळ कायदा शिकले आणि कंटाळून त्यांनी तो सोडला. १८३० मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही इंग्लंडविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात नाव कमावलेली लढाऊ नौका मोडीत काढणार, अशी बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि संतापाच्या भरात एक कविता लिहून धाडली. ती देशभरच्या पत्रांनी छापली, लोकांनी गलका केला आणि नौका वाचली. आजही ती बॉस्टनच्या बंदरात उभी आहे. एकवीस वर्षांच्या मुलाने चोवीस ओळींत जहाज वाचवावे, ही गोष्ट कवींना सुखावणारी असली तरी होम्स यांचे खरे काम कवितेत नाही, असे मला वाटते. ते वैद्यकात आहे, आणि त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली.

१८३३ ते १८३५ या काळात ते पॅरिसच्या रुग्णालयांत शिकत होते. तेथे पिएर लुई नावाचे शिक्षक होते आणि त्यांची पद्धत त्या काळी चमत्कारिक वाटावी अशी होती. ते मोजत. त्या वेळी न्यूमोनियावर शीर तोडून किंवा जळवा लावून रक्त काढणे हा सर्वमान्य उपचार होता आणि तो गुणकारी आहे, हे प्रत्येक डॉक्टर स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर सांगत असे. लुई यांनी रुग्णांच्या नोंदी मांडल्या, कोणाचे रक्त आजाराच्या आरंभी काढले आणि कोणाचे उशिरा, कोण जगले आणि कोण मेले, हे रकान्यांत भरले, आणि या उपचाराचा जेवढा गवगवा आहे तेवढा त्याचा परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. आज शाळकरी मुलालाही यात विशेष वाटणार नाही. पण डॉक्टरच्या प्रतिष्ठेपेक्षा रकान्यातला आकडा मोठा मानायचा, ही गोष्ट त्या काळी नवी होती. होम्स ती शिकून परत आले आणि १८३६ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले.

आता मूळ प्रकरण. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाईला थंडी वाजून ताप भरायचा, ओटीपोट दुखून फुगायचे, आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत ती दगावायची. आपल्याकडे ढोबळपणे ज्याला बाळंतरोग म्हटले जाई त्यातलाच हा सर्वांत जीवघेणा प्रकार. वैद्यकात त्याला सूतिकाज्वर म्हणतात. वार सुटून आल्यावर गर्भाशयाच्या आतल्या बाजूला मोठी ओली जखम राहते. त्या जखमेत जंतू शिरले, की रक्तात विष पसरते, एवढे हे कारण आहे. पण रोगजंतूंची कल्पनाच तेव्हा प्रस्थापित झालेली नव्हती. पाश्चर यांचे काम पुढचे, लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ ची. त्यामुळे हा ताप दूषित हवेने येतो, ऋतूने येतो, मनाच्या धक्क्याने येतो, अशी अनेक स्पष्टीकरणे प्रचलित होती, आणि त्यांतील कोणतेही स्पष्टीकरण डॉक्टरला जबाबदार धरीत नव्हते.

बॉस्टनच्या एका वैद्यकीय मंडळाच्या बैठकीत एक हकीकत सांगितली गेली. या तापाने मेलेल्या एका बाईचे शवविच्छेदन एका डॉक्टरने केले. त्या वेळी त्याच्या हाताला जखम झाली आणि आठवड्याच्या आत तो स्वतः मरण पावला. मधल्या दिवसांत त्याने काही बाळंतपणे केली होती. त्या बायकांनाही हाच ताप आला. होम्स तेव्हा तेहतीस वर्षांचे होते आणि प्रसूतीचे तज्ज्ञ मुळीच नव्हते. त्यांनी या एका हकीकतीवर भाषण ठोकले नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतील डॉक्टरांच्या छापील आणि खासगी नोंदी त्यांनी गोळा केल्या. त्यांत एक आकृती पुन्हा पुन्हा दिसू लागली. गावात दहा डॉक्टर आहेत, बाळंतपणे सगळेच करतात. पण ताप एकाच्याच रुग्णांना येतो, एकामागून एक, गावाच्या कोणत्याही टोकाला असल्या तरी, आणि शेजारच्या डॉक्टरची बाळंतीण त्याच गल्लीत धडधाकट राहते. दूषित हवा माणूस पाहून वाहत नाही. आजार डॉक्टरबरोबर चालत होता.

१८४३ च्या फेब्रुवारीत होम्स यांनी हा निबंध वाचला आणि एप्रिलमध्ये तो एका नियतकालिकात छापून आला. शेवटी त्यांनी डॉक्टरांसाठी नियम घालून दिले आहेत आणि ते फार रोखठोक आहेत. बाळंतपणे करणाऱ्याने या तापाने मेलेल्या बाईच्या शवविच्छेदनात हात घालू नये. नुसता हजर राहिला असेल तरी स्वच्छ हातपाय धुवावेत, अंगावरचा प्रत्येक कपडा बदलावा आणि किमान एक दिवस जाऊ द्यावा. एक रुग्ण आढळला, तर पुढच्या बाळंतिणीला धोका आहे असेच धरून चालावे. थोड्या अवधीत दोन रुग्ण आढळले आणि परिसरात इतर कोणाकडे हा ताप नसेल, तर निदान महिनाभर बाळंतपणे घेऊच नयेत. आणि अखेरचा नियम असा, की एकाच डॉक्टरच्या हाताखाली चालणारी ही खासगी महामारी यापुढे दुर्दैव न मानता अपराध मानली जावी.

हे वाक्य लिहिणारा माणूस कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून आलेला होता, हे येथे आठवते. ‘यापुढे’ या शब्दात सगळे आहे. काल ज्याला ठाऊक नव्हते त्याला होम्स दोष देत नाहीत. ज्याच्यापुढे नोंदी ठेवल्या आणि तरीही ज्याने हात धुतले नाहीत, त्याला ते सोडायला तयार नाहीत.

फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्स यांना हे अजिबात रुचले नाही. संसर्ग नावाच्या, ज्याची नीट कल्पनाही करता येत नाही अशा गोष्टीपेक्षा हे मृत्यू योगायोगाचे किंवा ईश्वरी इच्छेचे मानणे मला बरे वाटते, असे त्यांनी लिहिले. यामागे नुसता अहंकार होता असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. आयुष्यभर ज्या बायकांना वाचवण्यासाठी रात्री-अपरात्री धावलो, त्यांतल्या काहींना आपणच मारले, हे मान्य करणे कोणत्याही भल्या माणसाला जड जाणार. नियत स्वच्छ असली की हातही स्वच्छ असतात, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. १८५५ मध्ये होम्स यांनी निबंध पुन्हा छापला आणि प्रस्तावनेत मेग्स यांच्यासारख्यांना उत्तर दिले. आपणच रोग पोचवलेल्या पन्नासांपैकी चाळीस जणींना बरे केल्याचे श्रेय घेण्यापेक्षा एका मातेला तिच्याच डॉक्टरच्या विषापासून वाचवणे मी पसंत करीन, असा त्याचा आशय होता. दरम्यान १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी रुग्णालयाच्या आकडेवारीवरून तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला होता आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करून मृत्यू झपाट्याने कमी करून दाखवले होते. त्याच फिलाडेल्फियात पुढे १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी, मेग्स यांच्याहून वेगळ्या महाविद्यालयातून, डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या बाईने तो विषय का निवडला असेल, हे वेगळे सांगायला नको.

थोरल्या होम्स यांचे बाकीचे चरित्र भराभर सांगता येते. १८४६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा त्या अवस्थेला ‘अॅनेस्थेशिया’ हा शब्द सुचवणारे पत्र होम्स यांनीच लिहिले. १८४७ पासून पस्तीस वर्षे ते हार्वर्डमध्ये शरीररचना शिकवत होते. १८५० मध्ये तेथे तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी ओरड करताच अधिष्ठाता होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पुढच्या सत्राला येऊ नका म्हणून सांगितले. मेग्स यांच्यापुढे न वाकलेला माणूस येथे वाकला. मासिकातून लिहिलेल्या खुसखुशीत गप्पांमुळे ते देशभर लाडके झाले. प्रचलित औषधे सगळी समुद्रात बुडवली तर माणसांचे भलेच होईल आणि माशांचे मात्र हाल होतील, हा त्यांचा १८६० चा विनोद डॉक्टरांच्याच सभेत केलेला आहे. त्याच वर्षी एका कादंबरीच्या आरंभी त्यांनी न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील राज्यांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या विद्येत मुरलेल्या घराण्यांना ‘ब्राह्मण जात’ असे म्हटले आणि ‘बॉस्टन ब्राह्मण’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुळला. आपल्याकडचा शब्द अटलांटिकपार जाऊन तेथल्या कुलाभिमानाला चिकटावा, हे मराठी वाचकाला अंमळ गमतीचे वाटेल. पुढे या कुलाभिमानाची आठवण पुन्हा येणार आहे.

धाकटे होम्स ८ मार्च १८४१ रोजी जन्मले. हार्वर्डचे शिक्षण संपत असतानाच अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध सुरू झाले आणि ते मॅसॅच्युसेट्सच्या विसाव्या पलटणीत दाखल झाले. तीन वर्षांत ते तीनदा जखमी झाले: ऑक्टोबर १८६१ मध्ये छातीत गोळी, सप्टेंबर १८६२ मध्ये अँटीटमच्या लढाईत मानेतून आरपार गोळी, आणि मे १८६३ मध्ये टाचेवर मार. अँटीटमच्या रात्री बॉस्टनच्या घराचे दार वाजले आणि तार आली. कॅप्टन होम्स यांच्या मानेतून गोळी गेली आहे, जखम प्राणघातक नसावी, असा तिचा मजकूर होता. ‘नसावी’ या शब्दावर डॉक्टर बापाचे मन किती वेळ अडकले असेल! मानेत काय काय असते हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवणारा माणूस तो. ते आगगाडीने निघाले, रणभूमीपर्यंत पोचले, तेथे मुलगा नव्हता. मग गावोगावच्या तात्पुरत्या दवाखान्यांत, चर्चमध्ये, गवताच्या गंजींवर निजलेल्या सैनिकांत शोधत हिंडले. शेवटी हॅरिसबर्ग येथे आगगाडीच्या डब्यात तो सापडला. “कसा आहेस, बाळ?” “तुम्ही कसे आहात, बाबा?” एवढेच बोलणे झाले. वडिलांनी त्या शोधावर लांबलचक लेख लिहून मासिकात छापला. आयुष्यभर या दोघांत असेच राहिले: एक बोलून मोकळा होणारा, दुसरा आखडलेला.

युद्धाहून परतल्यावर मुलाने कायदा शिकण्याचे ठरवले, तेव्हा त्याचा काय उपयोग, वकील कधी मोठा माणूस होत नसतो, असे वडील म्हणाले, ही आठवण धाकटे होम्स म्हातारपणीही सांगत. कायदा सोडून दिलेल्या माणसाचे ते मत होते. मुलाने ते खोटे ठरवले, पण त्यासाठी पन्नास वर्षे लागली.

१८७० च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेले विल्यम जेम्स, चार्ल्स पर्स आणि आणखी काही तरुण तत्त्वचर्चेसाठी जमत. धाकटे होम्स त्यांतले एक. एखाद्या कल्पनेचा अर्थ तिच्या प्रत्यक्ष परिणामांत शोधावा, ही विचारसरणी त्या मंडळींतून पुढे आली. युद्धाने होम्स यांना एक धडा आधीच दिला होता: दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सत्याबद्दल पूर्ण निःशंक होते आणि त्या निःशंकपणापायी लाखो मेले. स्वतःची खात्री पटली म्हणजे गोष्ट खरी झाली असे नाही, हे ते पुन्हा पुन्हा लिहीत.

१८८१ मध्ये त्यांचे ‘द कॉमन लॉ’ हे पुस्तक निघाले. कायद्याचे जीवन तर्कात नसून अनुभवात आहे, हे त्यातले वाक्य जगभरच्या वकिलांना तोंडपाठ असते. पण त्याचा अर्थ बरेचदा धूसर राहतो. भूमितीत पाच गृहीतके मांडली, की बाकीचे सिद्धांत त्यांतून काढता येतात. कायदाही तसाच असतो, न्यायाधीश फक्त तर्क चालवतो, असा त्या काळचा समज होता. होम्स म्हणतात की तसे नाही. कोणत्या काळी समाजाला काय गरजेचे वाटले, कशाची भीती वाटली, न्यायाधीशांचे पूर्वग्रह कोणते होते, यांतून नियम घडतात आणि तर्काचा सदरा त्यांना मागाहून चढवला जातो.

याच पुस्तकात दुर्दैव आणि अपराध यांच्यामधली रेघ कोठे ओढायची, याची चर्चा आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. अडखळून अंगावर कोणी पडले आणि मुद्दाम लाथ मारली, यांतला फरक कुत्र्यालाही कळतो, असे होम्स आरंभी मान्य करतात. म्हणजे हेतूला महत्त्व आहेच. पण मग एक माणूस घ्या, जो जन्मतःच धांदरट आहे. त्याच्या हातून सारखे काहीतरी पडते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागते. त्याच्या मनात पाप नाही. स्वर्गातल्या न्यायालयात त्याला सूट मिळेलही; पण शेजाऱ्याचे डोके फुटायचे ते फुटतेच. म्हणून जमिनीवरचे न्यायालय त्याच्या अंतःकरणात डोकावत बसत नाही. सर्वसाधारण समंजस माणूस त्या जागी असता तर त्याने काय केले असते, हे माप ते लावते. भर दुपारी शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर छपरावरून लाकडी तुळई खाली टाकणाऱ्या गवंड्याला, ‘खाली कोणी असेल असे माझ्या मनातच आले नाही’ असे म्हणता येत नाही. खाली रस्ता आहे हे त्याला ठाऊक होते, दुपार आहे हे दिसत होते. एवढ्या माहितीवर कोणालाही धोका कळला असता. आज आपण ज्याला निष्काळजीपणाचा कायदा म्हणतो, मग तो वाहन अपघाताचा असो वा डॉक्टरच्या चुकीचा, त्याचा कणा हाच आहे.

आता वडिलांचा निबंध पुन्हा आठवावा. नियत स्वच्छ, हात मळलेले. दोन रुग्ण दगावलेले, नोंद समोर असलेली. आणि तरी तिसऱ्या घरची पायरी चढणारा डॉक्टर. गवंड्याच्या जागी त्याला उभे केले, तर मुलाच्या सिद्धांतातला एकही शब्द बदलावा लागत नाही. मुलाने हे वडिलांकडून घेतले, असे मी म्हणत नाही; पण ज्या घरात जेवणाच्या टेबलावर अशा गोष्टी निघत असतील, त्या घरातला मुलगा हेतूपेक्षा परिणामाकडे पाहू लागला, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

१८८२ च्या अखेरीस धाकटे होम्स मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १८९४ मध्ये वडील वारले. १८९७ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात धाकट्या होम्स यांनी कायद्याची आणखी एक व्याख्या केली आणि ती ऐकून सज्जन माणसे आजही दचकतात. कायदा समजून घ्यायचा असेल, तर वाईट माणसाच्या नजरेने पाहा, असे ते म्हणाले. वाईट माणसाला नीतीची पर्वा नसते. तो वकिलाकडे येतो आणि एवढेच विचारतो, की मी असे केले तर न्यायालय माझे काय करील? त्या प्रश्नाचे जे खात्रीलायक भाकीत वकील करू शकतो, ते म्हणजे कायदा. ही अनीतीची वकिली नव्हती. निदान करताना डॉक्टर रोग्याच्या पापपुण्याचा विचार बाजूला ठेवतो, तसे होम्स कायद्याची चिरफाड करताना नीतीचे शब्द बाजूला ठेवत होते. एखादा नियम इंग्लंडच्या चौथ्या हेन्री राजाच्या काळात घातला गेला होता, यापलीकडे त्याला काही कारण नसणे किळसवाणे आहे, असेही ते तेथे म्हणतात. वडिलांची औषधे जशी समुद्रात, तसे हे नियम. आणि कायद्याच्या अभ्यासात उद्याचा माणूस हा आकडेवारीचा आणि अर्थशास्त्राचा जाणकार असेल, हे वाक्यही त्याच व्याख्यानातले. पॅरिसच्या त्या मोजणाऱ्या शिक्षकाला ते आवडले असते.

१९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले. तेथील त्यांची कीर्ती मुख्यतः भिन्नमतांची आहे, म्हणजे बहुमताच्या निकालाला असहमती नोंदवणाऱ्या लेखी मतांची. १९०५ च्या लॉकनर खटल्यात पाव भाजणाऱ्या कामगारांना दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांहून अधिक राबवू नये, हा न्यूयॉर्क राज्याचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला. मालक आणि मजूर यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यात तो ढवळाढवळ करतो, असे बहुमताचे म्हणणे होते. होम्स यांनी लिहिले, की घटना कोणत्याही एका अर्थशास्त्रीय मताची बांधील नसते. लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला जे वाजवी वाटू शकते, ते न्यायाधीशाला आवडले नाही म्हणून मोडता येत नाही. मजुरांचा कैवार घेऊन त्यांनी हे लिहिले, असा समज मात्र चुकीचा आहे. अशा सुधारणांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. माझ्या देशबांधवांना नरकात जायचे असेल तर मी त्यांना मदत करीन, ते माझे कामच आहे, असे त्यांनी एका मित्राला पत्रात लिहिले आहे.

भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केले. मार्च १९१९ मधील शेंक खटल्यात, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्याची शिक्षा कायम करणारा एकमताचा निकाल होम्स यांनीच लिहिला. नाट्यगृहात खोटेच ‘आग’ म्हणून ओरडून घबराट उडवणाऱ्याला भाषणस्वातंत्र्य वाचवू शकत नाही, हा दृष्टान्त त्यातला. आणि बोलण्यातून ‘स्पष्ट व समोर उभा असलेला धोका’ निर्माण होतो का, ही कसोटीही त्यातली. कसोटी चांगली होती, पण काही कागदी पत्रकांनी तो धोका निर्माण झाला, हे होम्स यांनी फार सहज मानले. त्या उन्हाळ्यात तरुण कायदेपंडित मित्रांनी त्यांना चर्चेत आणि पत्रांत सोडले नाही. नोव्हेंबरमध्ये एब्रम्स खटला आला: रशियाहून आलेल्या काही स्थलांतरितांनी न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून पत्रके फेकली होती आणि त्यांतील काहींना वीस वर्षांची शिक्षा झाली होती. या वेळी होम्स यांनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या साथीने भिन्नमत दिले. काळाने कितीतरी लढाऊ श्रद्धा उलथवून टाकल्या आहेत, म्हणून विचारांच्या खुल्या बाजारात जो विचार टिकतो तीच सत्याची उत्तम कसोटी, आणि आपली घटना हा एक प्रयोग आहे, जसे सगळे आयुष्यच प्रयोग आहे, असे त्यांनी लिहिले.

या भिन्नमताचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यातून ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान देणारी याचिका उभी राहिली, आणि २४ मार्च २०१५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केले. त्या निकालपत्रात एब्रम्स खटल्यातील होम्स यांचे भिन्नमत उद्धृत केलेले आहे.

येथे थांबता आले असते तर होम्स यांचे चित्र फार देखणे राहिले असते. पण १९२७ चा बक विरुद्ध बेल हा खटला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ‘सदोष’ माणसांची पैदास थांबवली तर वंश सुधारेल, या तेव्हाच्या प्रतिष्ठित मताला अनुसरून व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. कायदा टिकतो का हे पाहण्यासाठी मंदबुद्धी ठरवलेल्यांसाठीच्या सरकारी संस्थेत ठेवलेली कॅरी बक ही तरुणी निवडली गेली. तिची आईही त्याच संस्थेत होती, आणि कॅरीला लग्नाविना मुलगी झाली होती. म्हणजे आई, मुलगी, नात अशा तीन पिढ्या मंदबुद्धी असल्याचा दावा होता. आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा टिकला. निकाल होम्स यांनी लिहिला आणि तो अवघ्या काही परिच्छेदांचा आहे. देश आपल्या उत्तमोत्तम नागरिकांकडे प्राण मागतो, तर राज्याची शक्ती शोषणाऱ्यांकडे याहून लहान त्याग मागण्यात गैर ते काय, असे युद्धात तीनदा जखमी झालेला म्हातारा त्यात म्हणतो. मग देवीच्या सक्तीच्या लसीकरणाला मान्यता देणारा १९०५ चा निकाल ते पुढे करतात: जे तत्त्व लस टोचण्यास पुरते, ते गर्भनलिका कापण्यासही पुरते. आणि शेवटी ते कुप्रसिद्ध वाक्य येते, की मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या.

लसीचा दाखला वाचताना थोरल्या होम्स यांची आठवण हटकून होते. रोग माणसाकडून माणसाकडे जातो म्हणून समाज व्यक्तीवर बंधन घालू शकतो, हे त्यांचेच तर म्हणणे होते. पण ते म्हणण्याआधी त्यांनी नोंदी गोळा केल्या होत्या, कोणत्या डॉक्टरची कोणती रुग्ण हे ताडून पाहिले होते. मुलाने यातले काहीही केले नाही. कॅरीच्या वकिलाने तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा केला नव्हता. तो वकील त्या संस्थेच्या कारभाऱ्यांपैकीच एक राहिलेला होता. शाळेत असेपर्यंत कॅरी नीट पुढच्या इयत्तेत जात होती. तिचे मूल तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या एका नातेवाइकाने केलेल्या बलात्कारातून झाले होते. आणि तिसऱ्या पिढीबद्दलचा पुरावा काय, तर काही महिन्यांच्या तान्ह्या बाळाकडे पाहून एका समाजसेविकेने, त्याच्या चेहऱ्यात काहीतरी वेगळे वाटते, असे सांगितले होते. धर्मोपदेशक आजोबा, डॉक्टर वडील आणि स्वतः, अशा ‘ब्राह्मण’ घराण्याच्या तिसऱ्या पिढीतल्या न्यायमूर्तींना तीन पिढ्यांचा हिशेब इतका स्वयंस्पष्ट वाटावा, की तो तपासून पाहण्याची गरजच भासू नये! आपल्या खात्रीला सत्य समजू नका, असे जन्मभर सांगणाऱ्या माणसाची ही खात्री होती.

ऑक्टोबर १९२७ मध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तशा कायद्यांखाली अमेरिकेत पुढच्या काही दशकांत साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी केली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत नाझींच्या बचावातही हा निकाल पुढे करण्यात आला. व्हर्जिनियाने तो कायदा १९७४ मध्ये रद्द केला. निकाल मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आजवर स्पष्ट शब्दांत फिरवलेला नाही.

होम्स जानेवारी १९३२ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवृत्त झाले आणि ६ मार्च १९३५ रोजी वारले. कॅरीची मुलगी व्हिव्हियन त्यांच्या निवृत्तीआधीच शाळेत जाऊ लागली होती. १९३१ मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले. पुढच्या वर्षी, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात गेली.